वजनातून मोजदाद

मोल ही संकल्पना नववी-अकरावीच्या विद्यार्थ्यापुढे येते ती बहुधा एका अवाढव्य संख्येच्या रूपात. ६०२२ आणि त्यापुढे वीस शून्ये. ही संख्या फळ्यावर लिहिली जाते, तिला ॲव्होगॅड्रो अंक म्हणतात असे सांगितले जाते आणि लगेच उदाहरणे सुरू होतात: इतके ग्रॅम म्हणजे किती मोल, इतके मोल म्हणजे किती अणू. कुठे भागायचे आणि कुठे गुणायचे हे पाठ करून मुले गुण मिळवतात, पण आपण नेमके काय केले हे विचारले तर गप्प राहतात. याचा दोष मुलांच्या बुद्धीला देता येत नाही. धड्याची मांडणीच उलट्या क्रमाने होते, असे माझे मत आहे. ग्रॅमचे मोल करणे आणि मोलचे अणू करणे ही दोन रूपांतरे पुस्तकात एकाखाली एक छापलेली असतात, म्हणून ती एकाच जातीची वाटतात. प्रत्यक्षात त्यांचा उगम वेगळा, त्यांचा काळ वेगळा आणि त्यांचे कामही वेगळे आहे. पहिले रूपांतर रसायनशास्त्रज्ञांनी केवळ तराजूच्या बळावर मिळवले आणि त्यासाठी त्यांना त्या वीस शून्यांची गरज कधीच पडली नाही. दुसरे रूपांतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भौतिकशास्त्राने पक्के करून दिले. हा फरक लक्षात आला की या हिशेबातली सगळी भीती निघून जाते, आणि रसायनशास्त्र मुळात कसे विचार करते तेही दिसू लागते.

अडचण कुठून सुरू होते ते आधी पाहू. अणू एकमेकांशी जोडले जातात ते नगावर. हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून पाण्याचा एक रेणू होतो. या व्यवहारात वजनाला काही स्थान नाही, फक्त संख्येला आहे. उलट प्रयोगशाळेतला तराजू फक्त वजन सांगतो, नग मोजणे त्याला जमत नाही. म्हणजे निसर्गाचा हिशेब नगांत आणि माणसाच्या हातातले साधन वजनाचे. असा प्रसंग शेतीतही येतो आणि तिथे त्यावर सरळ तोड काढलेली आहे. बियाण्याच्या शास्त्रात ‘हजार दाण्यांचे वजन’ हे माप वापरतात. गव्हाचे ते साधारण ४० ग्रॅम भरते, बाजरीचे त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. मग १० किलो गहू आणि अडीच किलो बाजरी यांत दाणे जवळपास सारखेच असणार, हे एकही दाणा न मोजता कळते. इथे एक बारकावा आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे. दाणे सारखे आहेत हे कळायला ते किती आहेत हे कळावे लागत नाही. गव्हाचा दाणा बाजरीच्या दाण्याच्या चौपट जड आहे, एवढे एक गुणोत्तर हाती असले की पुरे. मोल ही संकल्पना नेमकी एवढीच आहे. तांब्याचा अणू आणि लोखंडाचा अणू यांच्या वजनांचे गुणोत्तर ६३.५५ ला ५५.८५ असेल, तर ६३.५५ ग्रॅम तांबे आणि ५५.८५ ग्रॅम लोखंड यांत अणूंची संख्या सारखीच असली पाहिजे. ती संख्या कोणती, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो पुढे ढकलता येतो.

प्रश्न उरतो तो त्या गुणोत्तराचा. दाणा हातात घेता येतो, अणू घेता येत नाही. मग ६३.५५ आणि ५५.८५ हे आकडे आले कुठून? इथे रसायनशास्त्राला जवळपास साठ वर्षे झगडावे लागले. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये काम करणाऱ्या जोसेफ प्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की तांब्याचे कार्बोनेट खाणीतून काढा किंवा प्रयोगशाळेत बनवा, त्यातले घटकांचे वजनी प्रमाण बदलत नाही. जॉन डाल्टनने अणूंची कल्पना मांडली आणि १८०८ साली आपल्या ग्रंथात ती विस्ताराने प्रसिद्ध केली. प्रत्येक मूलद्रव्याचा अणू ठरावीक वजनाचा असेल आणि अणू पूर्ण संख्येनेच जोडले जात असतील, तर संयुगातले वजनी प्रमाण कायम राहणारच. पण डाल्टनपुढे एक पेच होता. पाण्यात १ भाग हायड्रोजनला वजनाने ८ भाग ऑक्सिजन असतो. पाण्यात दोन्हींचा एकेक अणू असेल तर ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या ८ पट जड ठरतो. हायड्रोजनचे दोन असतील तर १६ पट. अणूचे वजन काढायला सूत्र हवे आणि सूत्र काढायला अणूचे वजन हवे. डाल्टनने सर्वांत साधे ते खरे मानले, पाण्यात एकास एक अणू धरले आणि त्या काळच्या मोजमापांवरून ऑक्सिजनला ७ हा आकडा दिला. तर्क प्रामाणिक होता, पण उत्तर चुकले. आणि एक आकडा चुकला की ऑक्सिजनशी जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक मूलद्रव्याचा आकडा डळमळीत होतो.

सुटकेची वाट १८११ सालीच सांगितली गेली होती. गे-ल्युसॅकने १८०८ मध्ये दाखवले होते की वायू एकमेकांशी साध्या घनफळांच्या प्रमाणात संयोग पावतात: दोन घनफळे हायड्रोजन, एक घनफळ ऑक्सिजन आणि त्यांपासून दोन घनफळे वाफ. इटलीतल्या आमेदेओ ॲव्होगॅड्रोने त्यावरून म्हटले की तापमान आणि दाब समान असताना समान घनफळाच्या वायूंत रेणूंची संख्या समान असते. तसे असेल तर दोन वायूंच्या समान घनफळांची वजने घेतली की त्यांच्या रेणूंच्या वजनांचे गुणोत्तर आपोआप मिळते, आणि पेच सुटतो. पण त्यासाठी ऑक्सिजनच्या एका रेणूत दोन अणू असतात हे मान्य करावे लागत होते. बर्झेलियससारखे मातब्बर ते मानायला तयार नव्हते, कारण एकाच मूलद्रव्याचे दोन अणू एकमेकांना धरून का राहावेत याचे उत्तर त्यांच्या सिद्धान्तात नव्हते. जवळपास पन्नास वर्षे ही सूचना बाजूला पडली आणि त्या काळात प्रत्येक देशात, कधी कधी प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळी अणुवजने चालत होती. केक्युलेने आपल्या पाठ्यपुस्तकात ॲसेटिक ॲसिड या एकाच पदार्थाची १९ वेगवेगळी सूत्रे नोंदवून दाखवली, इतका गोंधळ होता. अखेर सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह येथे शंभराहून अधिक रसायनशास्त्रज्ञ जमले. तिथे स्तानिस्लाओ कानिझारोची पुस्तिका वाटली गेली. त्याची रीत अशी होती: एखाद्या मूलद्रव्याची वायुरूप होऊ शकणारी पुष्कळ संयुगे घ्या, ॲव्होगॅड्रोच्या नियमाने प्रत्येकाचे रेणुवजन काढा आणि त्या रेणूत त्या मूलद्रव्याचे वजन किती आहे ते पाहा. कार्बनसाठी हे आकडे १२, २४, ३६ असे येतात, १२ च्या खाली कधीच येत नाहीत. मग कार्बनचा अणू १२. सभेला आलेल्यांमध्ये मेंडेलीव्ह होता. त्याची आवर्तसारणी १८६९ मध्ये आली, आणि अणुवजने ठाम झाली नसती तर ती मांडता आली नसती.

या आकड्यांचा पुरावा एकाच वाटेने आलेला नाही. म्हणूनच मला तो भक्कम वाटतो. ड्यूलाँ आणि पेती या दोघांनी १८१९ मध्ये एक निराळेच निरीक्षण नोंदवले होते. एक ग्रॅम तांबे एक अंशाने तापवायला ०.३८५ ज्यूल उष्णता लागते, एक ग्रॅम लोखंडाला सुमारे ०.४५ आणि शिशाला अवघी ०.१२९. या आकड्यांत काही शिस्त दिसत नाही. पण ग्रॅमच्या जागी मोल घ्या, म्हणजे ६३.५५ ग्रॅम तांबे, ५५.८५ ग्रॅम लोखंड, २०७.२ ग्रॅम शिसे. आता उत्तरे येतात २४.५, २५ आणि २६.७. ग्रॅमच्या हिशेबात तिपटीहून अधिक तफावत आणि मोलच्या हिशेबात जवळपास समानता. उष्णतेला धातूचे वजन कळत नाही, अणूंची संख्या कळते. फॅरेडेने १८३०च्या दशकात विजेच्या बाबतीत हेच पाहिले: जेवढ्या विजेने १०७.८७ ग्रॅम चांदी साचते, तेवढ्याच विजेने मोरचुदाच्या द्रावणातून ३१.७७ ग्रॅम तांबे साचते, म्हणजे बरोबर अर्धा मोल. वायूंची घनफळे, धातूंची उष्णता आणि विजेचे काम या तीन असंबद्ध गोष्टी एकाच आकड्यांपाशी येऊन थांबतात. यांपैकी एकाही ठिकाणी अणूंची प्रत्यक्ष संख्या वापरलेली नाही.

आता मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेटच, जवळून पाहू, कारण मोलचा हिशेब इतका उघड करून दाखवणारा दुसरा स्वस्त पदार्थ नाही. मोरचुदाचा निळा स्फटिक कोरडा दिसतो, पण त्यात पाणी असते. चिनीमातीच्या मुशीत २.५० ग्रॅम मोरचुदाची पूड घेऊन मंद आचेवर तापवली की आधी कडांचा निळा रंग फिका पडतो, मग सगळी पूड राखी-पांढरी होते. आच फार वाढवली तर ती काळी पडू लागते. तसे झाले तर प्रयोग फसला, कारण तिथे पाणी जाऊन थांबत नाही, मीठच फुटू लागते आणि मागे तांब्याचे ऑक्साइड उरते. नीट तापवून, हवेतला ओलावा शिरणार नाही अशा झाकणबंद पात्रात गार करून वजन केले तर सुमारे १.६० ग्रॅम भरते. म्हणजे ०.९० ग्रॅम पाणी गेले. वजनाच्या भाषेत एवढेच सांगता येते की मोरचुदात ३६ टक्के पाणी असते, आणि हा आकडा मुका आहे. मोलच्या भाषेत तोच बोलू लागतो. बिनपाण्याच्या कॉपर सल्फेटचे सूत्रवजन तांबे ६३.५५, गंधक ३२.०६ आणि चार ऑक्सिजन ६४ मिळून १५९.६ होते. १.६० भागिले १५९.६ म्हणजे ०.०१ मोल. पाण्याचे रेणुवजन १८, तेव्हा ०.९० भागिले १८ म्हणजे ०.०५ मोल. ०.०१ ला ०.०५, म्हणजेच एकास पाच. कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककाबरोबर स्फटिकात पाण्याचे पाच रेणू बसलेले आहेत. न दिसणाऱ्या कणांबद्दलचे हे विधान एका काट्याने आणि दोन भागाकारांनी सिद्ध झाले. ६०२२ वर वीस शून्ये कुठे लागली? कुठेच नाही. दोन्ही बाजूंना त्या संख्येने गुणले असते तरी एकास पाच हे उत्तर बदलले नसते.

याच मोरचुदाच्या द्रावणात लोखंड टाकले की तांबे बाहेर पडते, हा शाळेतला परिचित प्रयोग. खिळ्यावर तांबूस थर चढतो एवढे पाहून आपण पुढे जातो, पण तराजू लावला तर त्यात आणखी काही सापडते. जास्त मोरचूद असलेल्या द्रावणात १.०० ग्रॅम लोखंडाचा कीस पूर्ण विरघळू दिला, खाली बसलेले तांबे धुऊन, वाळवून तोलले, तर ते सुमारे १.१४ ग्रॅम येते. एक ग्रॅम गेले आणि सव्वा ग्रॅमहून थोडे कमी आले, याचा अर्थ काय? लोखंड ०.०१७९ मोल होते. १.१४ ला ६३.५५ ने भागले तर तेही ०.०१७९ मोल. लोखंडाच्या एका अणूने तांब्याच्या एकाच अणूची जागा घेतली. लोखंडाची दोन तऱ्हेची मिठे बनतात. त्यांपैकी दुसरे बनले असते तर लोखंडाच्या दोन अणूंमागे तांब्याचे तीन अणू बाहेर पडले असते आणि तांबे १.७१ ग्रॅम भरले असते. म्हणजे द्रावणात लोखंडाचे कोणते मीठ तयार झाले हेही काट्याने सांगितले. रासायनिक समीकरण समोर ठेवून मोलची उदाहरणे सोडवली जातात तेव्हा एक गोष्ट विसरायला होते: ते समीकरण मुळात अशाच वजनांतून वाचले गेलेले असते. विद्यार्थ्याला उलट दिशा माहीत असते, सुलट कोणी दाखवलेली नसते.

यावर व्यवहारी माणूस विचारेल की एवढी यातायात कशाला? कारखाने आणि शेते किलोच्या कृतीवर चालतात. ‘इतके हे, इतके ते’ असा तक्ता असला की मोल नको. आक्षेप रास्त आहे आणि मोरचुदाच्याच एका वापरात त्याचे बळही दिसते, उणीवही. द्राक्षावरच्या केवड्यासाठी फ्रान्समधल्या बोर्डो भागात मिलार्देने १८८५ मध्ये पुढे आणलेले बोर्डो मिश्रण नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना चांगले ठाऊक आहे. एक टक्क्याच्या मिश्रणाला १०० लिटर पाणी, १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना असे रूढ प्रमाण. किलोने पाहिले तर दोन्ही समसमान. मोलने पाहा: मोरचुदाचे सूत्रवजन पाण्यासकट २४९.७, म्हणून १ किलोत ४ मोल. कळीच्या चुन्याचे ५६, म्हणून १ किलोत जवळपास १८ मोल. मोरचुदातले सगळे तांबे साक्यात उतरवायला ४ मोलांहून अधिक चुना लागत नाही, म्हणजे शुद्ध आणि ताजा असेल तर पाव किलोही पुरतो. बाकीचा चुना आहे तो खबरदारी म्हणून, कारण मोकळे राहिलेले तांबे पाने करपवते आणि बाजारातला चुना कितपत शुद्ध असेल याचा भरवसा नसतो. हवेत राहिलेला चुना पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेत जातो. त्याचे वजन वाढते आणि ताकद मात्र वाढत नाही. भिजून पूड झालेल्या चुन्याचे सूत्रवजन ७४, म्हणून ५६० ग्रॅम कळीच्या चुन्याचे काम करायला त्याचे ७४० ग्रॅम लागतात. किलोच्या तक्त्याला हे कळत नाही. शेतकऱ्याच्या विळ्याला कळते: तयार मिश्रणात लोखंडी विळा किंवा खिळा बुडवून पाहायचा, तांबूस थर चढला तर तांबे अजून मोकळे आहे, चुना वाढवायचा. वर पाहिलेलीच अभिक्रिया इथे पहारेकरी म्हणून उभी केली आहे. तेव्हा किलोची कृती चालते हे खरे, पण ती एका विशिष्ट मालापुरती चालते, आणि तेही हात सैल सोडून घातलेल्या खबरदारीच्या भरवशावर. औषध बनवताना, खताची मात्रा बदलताना, पाण्याची तपासणी करताना असा सैलपणा परवडत नाही. पदार्थांच्या प्रत्येक जोडीसाठी वेगळा तक्ता ठेवण्यापेक्षा प्रत्येक पदार्थाला त्याचे एकच सूत्रवजन देणे कितीतरी सोपे आहे.

इतका वेळ अणूंची संख्या मी मुद्दाम दूर ठेवली. इतिहासानेही ती दूरच ठेवली होती. ॲव्होगॅड्रो १८५६ मध्ये वारला तेव्हा त्याच्या नावाने ओळखली जाणारी संख्या त्याला माहीत नव्हती, ती काढण्याचा प्रयत्नही त्याने केला नव्हता. योहान लोश्मिटने १८६५ मध्ये वायूंच्या गुणधर्मांवरून रेणूच्या आकाराचा पहिला विश्वासार्ह अंदाज बांधला, पण तो अंदाजच होता. सर्वांत बोलका पुरावा विल्हेल्म ओस्टवाल्डचा आहे. मोल हे एकक १८९० च्या दशकात रूढ करणारा हा माणूस त्या काळात अणूंचे अस्तित्वच मान्य करत नव्हता. त्याच्या दृष्टीने मोल म्हणजे ग्रॅममध्ये घेतलेले रेणुवजन, बस्स. त्यावर त्याचे सगळे रसायनशास्त्र बिनबोभाट चालत होते. अणू न मानता मोल वापरता येतो, ही गोष्ट नीट मनात उतरवून घेतली पाहिजे. या प्रकरणातल्या माझ्या म्हणण्याला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. ओस्टवाल्डचे मत बदलले ते १९०८-०९ च्या सुमारास, आणि ते बदलण्यात मोठा वाटा झाँ पेराँच्या प्रयोगांचा होता.

पेराँने गँबोज नावाच्या पिवळ्या राळेचे सूक्ष्म, एकसारख्या आकाराचे गोळे पाण्यात सोडले आणि सूक्ष्मदर्शकातून वेगवेगळ्या उंचीवर ते किती आहेत ते मोजले. हवा जशी उंचावर विरळ होत जाते तसेच हे गोळेही वर विरळ होत होते. फरक एवढाच की हवा निम्मी व्हायला सुमारे साडेपाच किलोमीटर चढावे लागते आणि या गोळ्यांना काही शतांश मिलीमीटर पुरत होते. जितका कण जड, तितका तो खाली राहतो. गोळ्याचे वजन माहीत होते, तेव्हा या दोन उंचींच्या तुलनेवरून हवेच्या रेणूचे वजन निघाले, आणि एका रेणूचे वजन मिळाले की एका मोलात रेणू किती हे फक्त भागाकाराने मिळते. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये ब्राउनी गतीसाठी मांडलेल्या सूत्राची परीक्षाही पेराँने घेतली आणि दोन्ही वाटांनी संख्या जवळपास सारखी आली. तिला ॲव्होगॅड्रोचे नाव १९०९ मध्ये त्यानेच दिले. १९२६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. पुढे मिलिकनने इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजला. चांदीचा एक मोल साचवायला ९६,४८५ कूलोम वीज लागते हे फॅरेडेच्या कामातून हाती होतेच. तिला एका इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने भागले की पुन्हा तीच संख्या. दुसरे रूपांतर खरे झाले ते असे.

ते करायला आता काहीच अवघड नाही. एक ग्रॅम तांबे म्हणजे १ भागिले ६३.५५, म्हणजे ०.०१५७ मोल. त्याला ६०२२ वर वीस शून्ये या संख्येने गुणले की अणू मिळतात. उलट यायचे असेल तर आधी त्या संख्येने भागायचे, मग ६३.५५ ने गुणायचे. चूक होते ती गणितात नव्हे, आपण काय मोजतो आहोत हे न ठरवल्याने. आपल्या २.५० ग्रॅम मोरचुदात अणू किती, या प्रश्नाला कोणत्या अणूंबद्दल हे विचारल्याशिवाय उत्तर नाही. मोरचुदाची एकके ०.०१ मोल आहेत. तेव्हा तांब्याचे अणूही ०.०१ मोल, म्हणजे ६०२ वर एकोणीस शून्ये. पण एका एककात तांब्याचा एक, गंधकाचा एक, ऑक्सिजनचे चार आणि पाच पाण्यांचे मिळून पंधरा, असे २१ अणू आहेत. सगळे अणू मोजायचे तर ०.२१ मोल. एककांचा मोल आणि अणूंचा मोल यांची गल्लत हे या धड्यातल्या चुकांचे सर्वांत मोठे कारण आहे, आणि ती गल्लत पहिल्या रूपांतरात होते, दुसऱ्यात नव्हे. वीस शून्यांच्या संख्येने गुणण्यापूर्वीच उत्तर बरोबर किंवा चूक ठरून गेलेले असते.

यावर दोन गंभीर आक्षेप येऊ शकतात. पहिला असा: जगातला एकही तांब्याचा अणू ६३.५५ वजनाचा नसतो. तांब्यात ६३ आणि ६५ वस्तुमानांकाचे दोन समस्थानिक साधारण ६९ आणि ३१ टक्के मिसळलेले असतात. अणूच सारखे नसतील तर वजनातून मोजदाद कशी करायची? उत्तर असे की दाण्यांचे वजनही सरासरीनेच धरतात. मिश्रण सगळीकडे सारखे असले की सरासरी पुरते, आणि इथे अणू इतके प्रचंड संख्येने असतात की डोळ्यांना दिसणाऱ्या कणातही ती सरासरी ढळत नाही. जिथे मिश्रणच सारखे नसते तिथे मात्र हिशेब ढळतो आणि ते पकडता येते. हार्वर्डच्या थिओडोर रिचर्ड्सने १९१४ मध्ये दाखवले की युरेनियमच्या खनिजांतले शिसे नेहमीच्या शिशाहून हलके असते. नेहमीचे २०७.२, हे २०६ आणि २०७ च्या दरम्यान. युरेनियमचा ऱ्हास होत होत शेवटी शिशाचा हलका समस्थानिक तयार होतो, हे त्याचे कारण. म्हणजे रीत मोडली नाही, उलट तिनेच समस्थानिकांचा पुरावा हाती दिला.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. १९७१ मध्ये मोल हे आंतरराष्ट्रीय पद्धतीचे मूलभूत एकक झाले तेव्हा त्याची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंवर बेतलेली होती. पण २० मे २०१९ पासून व्याख्या बदलली. आता मोल म्हणजे बरोबर ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतकी एकके. मग संख्याच पहिली ठरली नाही का, आणि डझनाप्रमाणे मोल ही निव्वळ एक मोठी संख्या आहे असे शिकवले तर बिघडले कुठे? पण ती संख्या आली कुठून ते पाहावे. शुद्ध सिलिकॉन-२८ चा, सुमारे एक किलो वजनाचा आणि ९४ मिलीमीटर व्यासाचा जवळजवळ निर्दोष गोल बनवला गेला. क्ष-किरणांनी स्फटिकाच्या एका घनाकृती कोशिकेची बाजू मोजली. अशा प्रत्येक कोशिकेत ८ अणू असतात. गोलाचे घनफळ कोशिकेच्या घनफळाने भागून आठाने गुणले की अणू मिळतात, आणि गोलाच्या वजनाशी त्याचा मेळ घातला की एका मोलातले अणू. म्हणजे २०१९ ची संख्यासुद्धा आधी वजन आणि मोजणी यांचा पूल बांधून मिळवली गेली, आणि जुना पूल हलू नये अशीच निवडली गेली. कार्बन-१२ चा मोल आजही १२ ग्रॅमच आहे, फरक असलाच तर कोणत्याही रसायनशास्त्रज्ञाच्या तराजूला कधी दिसणार नाही इतका सूक्ष्म. डझन आधी मोजले जाते आणि मग त्याला नाव मिळते. मोलला नाव आधी मिळाले, त्यावर रसायनशास्त्राची मोठी इमारत उभी राहिली आणि मोजणी नंतर झाली. व्याख्येतला क्रम सोयीसाठी बदलता येतो, समजण्याचा क्रम त्याने बदलत नाही.

म्हणून विज्ञान शिकवणाऱ्यांना एक विनंती. मोरचुदाची चिमूटभर पूड, चिनीमातीची मूस, स्पिरिटचा दिवा आणि शतांश ग्रॅम दाखवणारा काटा एवढ्यावर एकास पाच हे प्रमाण वर्गातच काढता येते. मोरचूद विषारी आहे, तेव्हा पूड तोंडापासून आणि लहानांपासून दूर ठेवावी, आच मंद ठेवावी आणि खिडक्या उघड्या असाव्यात. पांढऱ्या पुडीवर पाण्याचा थेंब टाकला की ती पुन्हा निळी होते, तेही दाखवावे. मुलांनी आपल्या हाताने वजने घेऊन, दोन भागाकार करून ते प्रमाण काढले की मगच अणूंची संख्या फळ्यावर लिहावी.